अमेरिका सर आणि घरातली माणसं

आमच्या सरांना गुलामगिरीबद्दल बोलताना रडू यायचं, आणि ते नेमकं चहा आला की यायचं. मेहकरात जन्मभर इतिहास शिकवलेला हा माणूस निवृत्तीनंतर मुलाकडे सहा महिने राहून आला आणि गाव त्यांना 'अमेरिका सर' म्हणू लागलं.

तिथे त्यांनी एका थोर पुढाऱ्याचा तंबाखूचा मळा पाहिला होता. सगळी माणसं समान, असं लिहून देश उभा करणारा माणूस, आणि मळ्यात राबायला गुलाम! संतापले की सरांची पुस्तकी मराठी सुटायची. "गुलामायले म्हने काय, तर आमच्या घरातलीच मानसं! अबे, घरातली त मंग जेवाले संग काऊन नाही बसवली?" एवढं बोलून ते आत हाक मारत, "शेवंता, कप ने गं!" आणि नवीन पाहुण्याला सांगत, "वीस वर्षं झाली हिला. घरातलीच आहे." आम्ही मान डोलवायचो. चहा चांगला असायचा. शेवंताबाई स्वतःचा चहा मागच्या दारात, कान तुटलेल्या कपात प्यायच्या.

शेवंताबाईंची लेक वरवट बकाल गावी, पहिलटकरीण. बाळंतपणाला महिनाभर जाऊ द्या, म्हणून त्या कधीच्या विनवत होत्या. सर बायकोचं कारण पुढे करत, "काकूंचे गुडघे दुखतात. बघू."

एका दुपारी सर ऐन रंगात असताना शेवंताबाई ट्रे घेऊन उभ्याच राहिल्या. "सर, त्या मळ्यातल्या बाया जाताना इचारून जात होत्या का?"

सर खूश झाले. "विचारून कोण सोडतं? जायचं होतं त्या न विचारता पळाल्या. बरंच केलं!"

"हाव," म्हणून त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि पिशवी उचलली. "मंग मी चाल्लो. पोरीले सकाळीच दवाखान्यात नेलं."

सरांनी उठून आम्हाला स्वतःच्या हातानं चहा केला. भयंकर गोड होता. मला सर त्या दिवसाइतके कधीच आवडले नाहीत.

शेवंताबाई त्या घरी पुन्हा कामाला आल्या नाहीत. सर गेले तेव्हा शोकसभेला मात्र आल्या, कडेवर नात घेऊन. आम्ही माजी विद्यार्थी स्वातंत्र्यावर भरपूर बोललो. शेवटी त्या उठल्या. "सरायनं तुमाले काय शिकवलं, मले नाही माहीत. मले शिकवलं."

आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनी भावाच्या लग्नासाठी रजा मागून तेव्हा आठवडा झाला होता. मी अजून उत्तर दिलं नव्हतं.