आज दोघं झालो

जपानमधल्या त्सुकुबाजवळच्या डोंगरात प्रांत सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या बसमध्ये आम्ही दोघंच होतो: मी, आणि प्रत्येक थांब्यावर मान उंचावून बाहेर पाहणाऱ्या एक आजी. मी सवयीने माणशी खर्च काढला आणि ही बस बंदच करावी, असा निकालही मनातल्या मनात देऊन टाकला.

"कुणी यायचंय का?" मी आजींना विचारलं.

"कुणीही चालेल," त्या हसल्या. "माझा दवाखाना मंगळवारी. आज नुसतीच बसलेय. प्रवासी घटले तर अनुदान जाईल, मग मंगळवारी कशी जाऊ? तुम्ही आलात, आज दोघं झालो!"

भाडं वाचवायला पायी परतायचं आणि घरी त्याला व्यायाम म्हणायचं, असं मी ठरवलं होतं. परतलो मात्र बसनेच. आजींच्या शेजारी बसून, प्रत्येक थांब्यावर मान उंचावत.