एर्नाचा दसरा

हॅमरखाली खपली साचते. तापलेल्या लोखंडावर घाव बसला की वरचा काळा पापुद्रा सुटून पडतो, ती खपली. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी ढीग तयार. डीटरच्या शेडमधल्या गोष्टींचंही तसंच. एक सांगून मोकळं व्हावं तोवर दुसरी पायाखाली कचकचते. माझी मुलगी सुनंदा म्हणाली, बाबा, लिहून काढा, म्हणजे निदान जेवताना तरी आमची सुटका होईल. म्हणून लिहितोय. शाळा चौथीपर्यंत. शुद्धलेखन ज्याला खुपेल त्यानं सुधारून घ्यावं.

*

चिंचवडच्या फोर्जिंग कारखान्यात मी जन्मभर हॅमर चालवला. सुनंदा डॉक्टरेट करायला जर्मनीत कार्ल्सरूहेला गेली आणि तिकडेच चिकटली. रिटायर झाल्यावर मी दर वर्षी तिच्याकडे जायला लागलो. ऑगस्टात जायचं, दसरा करून परत यायचं.

पहिल्याच आठवड्यात कचऱ्याच्या वेगवेगळ्या डब्यांवरून आमचं असं वाजलं की तिनं मला एस-बानमध्ये, म्हणजे तिथल्या लोकलमध्ये, बसवलं आणि डीटर नावाच्या लोहाराच्या शेडवर नेऊन सोडलं. पोरं पाळणाघरात सोडतात, तसं!

डीटर माझ्याच वयाचा. पायाचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे हॅमरचं पेडल दाबताना कळवळायचा. पण हॅमर दुसऱ्याच्या हाती द्यायचा म्हटलं की त्याहून जास्त कळवळायचा. हॅमरचं नाव एर्ना. हवेवर चालणारा, आम्हा दोघांपेक्षा म्हातारा आणि दोघांपेक्षा तब्येतीनं बरा.

मी खिशातली काडेपेटी काढली, अर्धी उघडी करून एर्नाखाली उभी ठेवली आणि पेडलवर पाय दिला. वरचं धूड अलगद खाली आलं, पेटी टक्‌ करून बंद. आमच्या कारखान्यातला जुना खेळ. डीटरनं बोटानं खूण केली, परत कर.

परत केलं. पेटीची भाकरी झाली आणि काड्या फुस्सकन पेटल्या. डीटर हसता हसता खाली बसला. मग उठला आणि आपला चामडी एप्रन माझ्या गळ्यात घातला.

सुनंदानं विचारलं, जमलं तेव्हा का नाही घातला? तर म्हणाला, "ज्याच्या हातून कधीच काही चेपलं नाही, तो खोटारडा."

*

मला जर्मन येत नाही, त्याला मराठी येत नाही. पण एर्ना चालू असताना बोलतो कोण? मान हलवली की घाव घाल. तळवा आडवा धरला की थांब. भुवई वर गेली की लोखंड थंड झालं, परत भट्टीत.

हे इतकं अंगवळणी पडलं की घरीही तेच. एकदा जावई आमटी वाढत होते. मी तळवा आडवा धरला, त्यांना कळलं नाही, वाटी भरून ताटात ओघळ आला. मी चिडलो, तर ते म्हणाले, "अहो बाबा, मला वाटलं तुम्ही आशीर्वाद देताय."

*

पहिल्या दसऱ्याला मी डीटरला बजावलं की आज एर्ना चालणार नाही. वर्षभर राबते, आज तिची पूजा. तिला हळदकुंकू लावायचं, हार घालायचा आणि नारळ फोडायचा. सुनंदानं सगळं नीट जर्मनमध्ये सांगितलं. डीटर लक्ष देऊन ऐकत होता. मी उदबत्ती शोधायला पाठ फिरवली.

धाड!

त्याला वाटलं, मान एर्नाचा आहे तर नारळ तिनंच फोडायला हवा. पाणी चौघांच्या तोंडावर, खोबरं छपराला, करवंटीचा पत्ताच नाही. चौथी म्हणजे उलरिके. डीटरच्या शेडमध्ये लोखंडाच्या मूर्त्या करणारी बाई. तिनं केसांतला तुकडा काढला, चावून बघितला आणि म्हणाली चांगलाय. त्या वर्षीचा प्रसाद आम्ही शिडी लावून काढला.

*

या उलरिकेची एक सवय होती. लोखंड भट्टीतून काढलं की ती त्याच्याकडे बघत बसायची. एकदा मला म्हणते, "ऐका, लोखंड काय म्हणतंय?"

मी म्हटलं, "थंड होतोय म्हणतंय. बाजूला हो."

पुढच्या वर्षी तिला एका चौकासाठी मोठं शिल्प करायचं होतं. जाड पाइप तापवायचे, प्रेसमध्ये दाबून उशीसारखे मऊ दिसतील असे करायचे, मग कडा एर्नाखाली ठोकायच्या. आठवडेच्या आठवडे ठोकत होतो. शेवटी समोरच्या घरातली फ्राउ ब्रांट खाली आली. नवरा गेलेला, एकटी राहते. हातात कपाचा नुसता कान. एर्ना चालली की तिच्या फळीवरचे कप चालायला लागतात, त्यातल्या एकानं उडी मारलेली.

मी म्हटलं, फळीवर फडकं घाल. सुनंदानं भाषांतर केलं की बाबा माफी मागतायत. फ्राउ ब्रांटनं माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, "मागताना दिसत नाहीत."

मग तिनं उलरिकेला विचारलं, एवढं बनवताय तरी काय?

उलरिकेनं शिल्पाचं नाव सांगितलं, "शांतता."

त्याच दिवशी फ्राउ ब्रांटनं आम्टमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी कचेरीत, तक्रार केली.

*

तेव्हापासून आमचं रोजचं भांडण. इथे दुपारी एक ते तीन आणि रविवारी दिवसभर आवाज करायचा नाही. एक वाजला की ती खिडकीत. माझं लोखंड नेमकं तेव्हाच पिवळंधमक. ती घड्याळ दाखवायची, मी सांडशीतलं लोखंड दाखवायचो. ती जर्मनमध्ये, मी मराठीत. सुनंदा म्हणते, एकमेकांचं अक्षर कळत नाही, पण मध्ये कुणी कुणाला तोडत नाही.

डीटरला मात्र हसू येईना. आम्टचा माणूस येऊन आवाज मोजणार होता. त्याच्या मनात आलं तर एर्ना कायमची बंद. एर्ना बंद झाली तर मीही कुलूप लावीन, असं डीटर म्हणाला आणि दोन दिवस नीट जेवला नाही.

आम्टचा माणूस उगवला तो दसऱ्याला!

झेंडू मिळाले नव्हते म्हणून सुनंदानं पांढरी शेवंती आणलेली. फुलवालीनं हळूच विचारलं म्हणे, घरातलं कोण गेलं? इकडे ही फुलं थडग्यावर वाहतात. शेडमध्ये वारा फार, म्हणून समईऐवजी लाल काचेतली मेणबत्ती. तीही थडग्यावर लावतात तीच. मी सगळं एर्नाला चढवलं.

आम्टचा माणूस काळ्या कोटात, हातात मोजायच्या यंत्राची पेटी. म्हणाला, चालू करा.

मी म्हटलं, आज नाही.

डीटरनं हात जोडले. सुनंदा त्याच्या वतीनं म्हणाली, बाबा, पाच मिनिटं. मी सुनंदाला म्हटलं, या आम्टच्या माणसाला विचार, रविवारी घरात भिंतीला ड्रिल मारतोस का? तो दुखावलाच. "मी? रविवारी?"

"मग हा एर्नाचा रविवार."

त्यानं थोडा विचार केला, "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणाला आणि पेटी मांडीवर घेऊन स्टुलावर बसला. डीटर डोकं धरून बसला. मी फळकुटाच्या आडोशाला नारळ फोडायला गेलो. या वेळी हातानं.

तेवढ्यात दार वाजलं. फ्राउ ब्रांट, घरातल्या सपातांवर. तिनं शेवंती बघितली, लाल मेणबत्ती बघितली, डोकं धरलेला डीटर बघितला, काळ्या कोटातला माणूस बघितला. चौकट धरून उभी राहिली.

"कधी गेला?" तिनं विचारलं.

कुणाला काही कळेना.

"सात वाजले, आवाज नाही. आठ वाजले, तरी नाही. मी कपांपुढे बसून राहिले. एकही हलला नाही." तिनं नाक पुसलं. "रोज भांडायचा. आता खिडकीत जाऊन करू काय?"

मी खोबऱ्याच्या तुकड्यांची वाटी घेऊन बाहेर आलो. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. वाटीतला तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि चावत राहिली.

आम्टच्या माणसानं घसा साफ केला. तक्रार तुमचीच ना, विचारलं.

"माझीच," फ्राउ ब्रांट म्हणाली. "ती राहू द्या, भांडायला लागेल." मग एर्नाकडे बोट केलं. "आणि हीसुद्धा."