पिल्लाचा श्रावण

फुलपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या मीटरखोलीत ते मांजराचं पिल्लू सापडलं तेव्हा मे महिना चालू होता. त्याची आई कुठे गेली, कुणालाच माहीत नव्हतं. सासूबाईंनी त्याला पदरात घेऊन वर आणलं. मला काही विचारलं नाही, आणि मीही नको म्हटलं नाही.

पहिल्या आठवड्यात ते ओरडलं की मी त्याला खायला घालायची. मांदेली उकडायची, काटा काढायचा, मऊ भातात कुस्करायची. इतकं लहान पिल्लू पोट भरलं तरी थांबत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. एक दिवस पोट टम्म फुगलं, उलट्या झाल्या आणि ते निपचित पडून राहिलं.

"अगो, ता पिल्लू हा," सासूबाई त्यांच्या मालवणीत म्हणाल्या, "पोता न्हय भरूक."

मग मी माप ठरवलं. आमटीच्या वाटीने अर्धी वाटी, सकाळ-संध्याकाळ. पिल्लू सावरलं, घरभर धावायला लागलं. माप लागू पडलं याचं मला इतकं कौतुक वाटलं की पुढे मी ते बदललंच नाही. पिल्लू महिन्याभरात दुप्पट झालं, तरी वाटी अर्धीच.

आणि श्रावण आला.

आमच्याकडे श्रावणात मासळीची पातेली, तवा, विळी सगळं घासून माळ्यावर जातं. सुक्या बोंबलांचा डबाही प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवतात. मी श्रावण फार मनापासून पाळते असं नातेवाइकांत बोललं जायचं. खरं सांगायचं तर तो माझा सुटीचा महिना होता. वसईची नोकरी करून घरी यायचं आणि मासे साफ करत बसायचं. त्यात पाणी एक दिवसाआड. ओट्यावर खवले, हातांना वास. त्या एका महिन्याची मी वर्षभर वाट बघायची. पिल्लासाठी वेगळे मासे आणायचे म्हणजे तो महिना गेलाच. म्हणून मी त्याला दूधभात सुरू केला. त्याच अर्ध्या वाटीने.

पंधरा दिवसांत त्याचे केस राठ झाले. जुलाब सुटले. माझ्या पायांत घोटाळत सारखं ओरडायचं. त्याला खादाडपणाची सवय लागलीय असं म्हणून मी बाल्कनीचं दार लावून घ्यायची.

सासूबाईंनी एकदा सांगून पाहिलं. "दोन मांदेली घेवन ये गो तेका. बाल्कनीत शिजव."

"आई, श्रावणात?"

"मुक्या जनावराक कसलो गो श्रावण? तुका पाळूचो आसा तर तू पाळ."

"घरात एकदा नाही म्हणजे नाही," मी म्हटलं. स्वयंपाकघर त्यांनी केव्हाच माझ्या हाती दिलं होतं आणि एकदा दिल्यावर त्यात हात घालायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

शनिवारी ह्यांनी पिल्लाला उचललं आणि चमकून विचारलं, "हे असं का वाळलंय?"

"आईंना श्रावणात घरात मासे चालत नाहीत ना," मी म्हटलं.

हे वाक्य तोंडातून किती सहज आलं. ठरवूनसुद्धा इतकं सहज आलं नसतं.

वसईतल्या जनावरांच्या डॉक्टरांपुढे हे तेच बोलले. मी शेजारी उभी होते. डॉक्टरांनी पिल्लू काट्यावर ठेवलं. "या वयाला याच्या दुप्पट भरायला हवं. अजून आठवडाभर असंच चाललं असतं तर हाती लागलं नसतं." मग हसून म्हणाले, "आजींना सांगा, मांजराला पुण्य नको असतं." मासे नाहीतर अंडं, दिवसातून चारदा, थोडं थोडं. दूध बंद. "आणि वाढत्या पिल्लाला कायमचं माप नसतं. फासळ्यांवरून हात फिरवायचा. हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसता कामा नयेत."

घरी आलो तेव्हा सासूबाई वाल सोलत बसल्या होत्या. हे दारातूनच म्हणाले, "आई, तुझा श्रावण तुझ्यापाशी ठेव. पिल्लू मरायला टेकलंय त्यापायी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चपलेचा पट्टा सोडवत होते. तो अडकला नव्हता.

"बरा," त्या म्हणाल्या. "माझा चुकला."

दुसऱ्या दिवशी अर्नाळ्याहून येणाऱ्या कोळणीकडून मांदेली त्यांनीच घेतली, बाल्कनीत स्टोव्हवर उकडली, काटे काढले. मी वाटी भरायला पुढे झाले तर माझा हात धरला. "रव. इतक्या दिसांनी एकदम घातलंस तर परत उलटतला." चिमटीएवढं बोटावर घेऊन त्यांनी चाटवलं. मला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

पिल्लू जगलं. अंगाने मात्र बारीकच राहिलं. इमारतीतल्या बायका पुढे कितीतरी वर्षं सासूबाईंना चिडवायच्या, "काय आजी, यंदा बोक्याचा श्रावण आहे का?"

"हा तर!" त्या म्हणायच्या. "आता शनिवार पण धरता."

सगळ्या हसायच्या. मीही.

त्या गेल्या तेव्हा तेराव्याला ह्यांनी पाहुण्यांना ही गोष्ट सांगितली. प्रेमानेच सांगितली. आई कडक होती, पण चुकलं की तिथल्या तिथे मान्य करायची, म्हणाले. लोक माना डोलावत होते. मी पंगतीत भात वाढत होते, ती वाढत राहिले.

हा कागद मी आज ह्यांच्या चष्म्याखाली ठेवणार आहे. तोंडाने सांगणं मला अजूनही जमत नाही.