आदरावरची माती

शेततळ्याची जागा नक्की करण्याआधी मी तिथे बसून डबा खाते. बरोबरची माणसं हसतात, पण अर्धा तास एका जागी बसलं की गुरं कुठून येतात, पाण्याने पूर्वी कुठे वाट काढली आहे, बायका कुठून ये-जा करतात, सगळं दिसतं. हे मला कुणी शिकवलं नाही, आणि शिकवायला कुणी आलं असतं तरी मी ऐकलं नसतं. मी सरावलीची. चिकूच्या वाडीत वाढले, मृदसंधारणाचा डिप्लोमा केला आणि गेली वीस वर्षं डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर तळी आखते आहे. माझी तळी पाणी धरतात. हे मी नम्रपणे सांगत नाही, कारण नम्रपणाने बांध टिकत नाहीत.

एका तळ्याने मात्र पहिल्या पावसाळ्यात माझं नाक कापलं होतं.

तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडच्या एका पाड्यावर नवरा-बायको राहायचे. खाली भाताची तीन खाचरं, वर थोडं वरकस, म्हणजे उतारावरचं हलक्या मातीचं रान. नवरा खलाशी. लावणी उरकली की गुजरातच्या बोटीवर जायचा तो पुढच्या पावसाच्या तोंडावर परत यायचा. पंधरा वर्षं हेच. बायकोने वरच्या रानात दोनदा मोगरा लावला आणि दोन्ही वेळा तो होळीपर्यंत वाळून गेला. डोक्यावरून हंडे आणून किती झाडं जगणार? तिला तळं हवं होतं, आणि कशासाठी हवं आहे ते तिने पहिल्याच दिवशी माझ्यासमोर सरळ मांडलं.

"मॅडम, होळीच्या पुढे पाणी टिकला तर मोगरा जगंल. मोगरा जगला तर ह्याला बोटीवर जायला नको. एवढा सांगा, टिकंल का?"

"टिकेल," मी म्हटलं. एका शब्दात. मागे बसलेल्या नवऱ्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा जाळ्याच्या दोऱ्याचा गुंता सोडवायला लागला. दुसऱ्या दिवशी त्याने तांडेलाला, म्हणजे बोटीच्या मुख्य माणसाला, फोन करून सांगितलं की यंदा मी येत नाही.

तळं मी मन लावून आखलं. पंधरा मीटर लांब, तेवढंच रुंद, तीन मीटर खोल. बाजू तिरप्या, हातभर खोलीला दीड हात उतार, म्हणजे पावसात ढासळत नाहीत. पाणी आत येतं तिथे आधी गाळ बसायला छोटा खड्डा, आणि जास्तीचं पाणी निघायला दगड रचलेला सांडवा. भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून. नवऱ्याला एका बाजूने गुरं उतरायला रुंद, सपाट वाट हवी होती. "गुरं तळ्यात गेली की काठ बसलाच म्हणून समज," मी म्हटलं. तो म्हणाला, "गुरां जाणार, तुम्ही वाट द्या नायतर नका देऊ. वाट नाय दिली तर काठावरून जातील." शेवटी मी नाक मुरडत वाट काढून दिली.

खणताना पूर्वेच्या कोपऱ्यात मुरमाचा पट्टा लागला. मुरूम पाणी धरत नाही, गाळून टाकतो. तिथे चिकट मातीचा हातभर थर द्यायला हवा होता. प्लास्टिकचं अस्तर मला नको होतं, कारण गुरांचे खूर आणि खेकडे त्याची दोन वर्षांत चाळण करतात. माती शोधायला लांब जावं लागलं नाही. शेजारीच त्यांचा जुना आदर होता. आदर म्हणजे भाताचं रोप करायची जागा. तिथे दर वर्षी पावसाआधी पालापाचोळा, फांद्या आणि शेण पसरून आग लावतात, म्हणजे तण मरतं आणि रोप जोमाने येतं. तळ्यात येणारं पाणी त्याच जागेवरून वळवायचं असल्याने त्यांनी आदर त्या वर्षी दुसरीकडे नेला होता. मी तिथे दोन हात खोल खड्डा घेतला, तळाची माती मुठीत मळली, तिची दोरी वळली. दोरी तुटली नाही. फर्स्ट क्लास माती.

बायको शेजारी उभी होती. म्हणाली, "मॅडम, ही भाजेल माती आहे."

"मी तपासली आहे," मी म्हटलं आणि विषय मिटवला. त्या दिवसांत मशिनं सगळी हायवेच्या कामाला गेलेली, आम्हाला जेमतेम एक दिवस मिळाला होता. मशिनवाल्याने सोपं पडलं तशी आदरावरची वरची माती खरवडली आणि कोपऱ्यात पसरली. काळीभोर, भुसभुशीत, दिसायला देखणी. मी काठावर उभी राहून शाबासकी दिली. चाचणी खालच्या मातीची केली आणि काम वरच्या मातीत झालं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात तो मीच.

पावसाने तळं काठोकाठ भरलं. सांडव्यावरून पाणी वाहिलं तेव्हा पाड्यावरची माणसं बघायला आली. नवऱ्याने एका बांबूवर खुणा पाडून तो तळ्याच्या मधोमध रोवला. मग नारळी पौर्णिमेच्या सुमारास पावसाने उघडीप दिली, आणि पाचव्या दिवशी बायकोचा फोन आला. "या," एवढंच म्हणाली.

मी गेले तेव्हा तळाशी गुडघाभर पाणी उरलं होतं. बांबूच्या खुणा एकाखाली एक उघड्या पडलेल्या. पडवीत नवऱ्याची बोटीवरची पिशवी भरून ठेवलेली. तांडेलाने पुन्हा फोन केला होता; बोट आठ दिवसांनी निघणार होती आणि जागा अजून रिकामी होती. मला स्वतःची लाज वाटली. माझ्या एका शब्दावर या माणसाने जागा सोडली होती.

मी पाण्यात उतरले, कोपऱ्यातली माती हातात घेतली आणि मळली. ती पिठासारखी सुटली. राख आणि भाजके कण, चिकटपणा औषधालाही नाही.

"चूक माझी आहे," मी दोघांना म्हटलं. "तू सांगितलंस, मी ऐकलं नाही."

बायकोने यावर काही टोमणा मारला नाही, तेच मला जास्त लागलं. ती म्हणाली, "भाजेल मातीची घागर होते, चिखल नाय होत. खालची माती काढू. खाचरात चिखल करतो तसा तळ्यात करू. रेडे कोणाचे मागायचे ते मी बघते."

मी आयुष्यभर तळाची माती धुमसाने ठोकून घेत आले होते. पाणी असलेल्या तळ्यात चिखलणी करायचं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं, पण तिचं बोलणं ऐकताक्षणी पटलं. भाताच्या खाचरात पाणी उभं राहतं ते त्याच चिखलामुळे. मी नवऱ्याला म्हटलं, "आठ दिवस आहेत ना? मग बोट निघायच्या दिवसापर्यंत थांब."

दुसऱ्या दिवशी पाड्यावरची दहा-बारा माणसं सावडीला आली. सावड म्हणजे आज तुझ्या शेतावर, उद्या माझ्या. भाजकी माती फावड्यांनी बाहेर फेकली, आदराच्या खालची चिकट माती पाट्यांनी आत आणली. आणि रेडे आत उतरले ते मी नाक मुरडत दिलेल्या त्याच वाटेने. नवऱ्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी म्हटलं, "कळलं, कळलं." सगळे हसले. मग मीही चपला काढून चिखलात उतरले आणि संध्याकाळपर्यंत तुडवत राहिले. पोटऱ्या चार दिवस दुखत होत्या.

तिसऱ्या दिवशी दोन जोरदार सरी आल्या, तळं निम्म्याच्या वर भरलं आणि पुन्हा ऊन पडलं. मला तेच हवं होतं. नवऱ्याने पाण्याच्या पातळीला बांबूवर चुन्याची रेघ ओढली. पुढचे पाच दिवस मी रोज सरावलीहून स्कूटरने जाऊन ती रेघ बघत होते. पाचव्या दिवशी पाणी रेघेच्या खाली दोन बोटं होतं. उन्हाने तेवढं उडतंच.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला, तांडेलाचा होता. बायकोने तो उचलून नवऱ्याच्या हातात दिला आणि तिथेच उभी राहिली. "आ वरस नथी आवतो, भाई," तो गुजरातीत म्हणाला, यंदा येत नाही. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं आणि फोन ठेवला. बायकोने पडवीतली पिशवी उचलून आत नेली.

मोगऱ्याचं काय झालं तेही सांगून टाकते. तिने तो तिसऱ्यांदा लावला. चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेत दोघं भेटले तेव्हा तिने स्वतःच्या केसातला अर्धा गजरा तोडून मला दिला. तळ्यात तेव्हा कमरेइतकं पाणी होतं. नवरा कुरकुरत होता की पहाटे उठून कळ्या खुडाव्या लागतात, यापेक्षा बोटीवर आराम होता. आता कुठल्याही पाड्यावर गेले की डबा उघडण्याआधी मी विचारते, आदर कुठे आहे?

पण त्या तळ्याचं नाव निघालं की मला आठवतो तो जत्रेच्या आधीचा, दसऱ्यानंतरचा दिवस. मी बांबूची खूण बघायला गेले होते आणि खाली खाचरात भाताची कापणी चालली होती. पंधरा वर्षं त्याने भात लावलं होतं. कापणीला तो कधीच घरी नव्हता. विळा त्याच्या हातात अवघडलेला. पेंढ्या मात्र झपाझप बांधत होता, जाळ्याला मारतात तशा पक्क्या गाठी मारून. बायकोने एक पेंढी उचलली, गाठ सोडवून बघितली, सुटेना.

"झोडायच्या वेळी ह्या सोडायच्या कशा?" ती म्हणाली. "दर्यातल्या गाठी दर्यात. इथे अशी." तिने चार काड्यांना पीळ दिला, खोचला आणि पेंढी त्याच्या पुढ्यात टाकली. तो तिच्या शेजारी बसला आणि तसाच पीळ द्यायला लागला. पहिला सुटला, दुसराही सुटला. तिने त्याचे हात धरून तिसरा देववला.

मी तिथूनच माघारी फिरले. हायवेपर्यंत गेल्यावर आठवलं की खूण बघायची राहिली. स्कूटर वळवली, परत गेले आणि पाहिली. पाणी असायला हवं होतं तिथेच होतं.