पायाळू

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाच्या लाथेनं ती उतरते, असं आमच्याकडं मानतात. त्यामुळं लहानपणी अर्ध्या आळीच्या कंबरेत मी लाथा घातल्यात. "जोरात हाण की गं!" म्हणायचे मेले.

पुढं नव्वद सालानंतर मी बारामतीच्या एका दवाखान्यात नर्स होते. तिथं निमगाव केतकीचा एक चाळिशीतला टेम्पोवाला यायचा. त्याला मल्टिपल मायलोमा, हाडातल्या मगजाचा कॅन्सर. गोळ्या पुण्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या, समजावणं माझ्याकडं. पाणी भरपूर प्यायचं. दुखलं तरी मनानं पेनकिलर घ्यायची नाही, किडनीवर येतं. मणके आतून पोखरलेत, एक दणका बसला तर पाय कायमचे जातील. तो आणि त्याची आई, दोघं माना डोलवायची.

एका शनिवारी निघता निघता म्हातारी म्हणाली, "उद्या शेजारगावचा पायाळू येणार हाय. पैलवान गडी. उसण तेवढी काढून टाकतो."

"अहो मावशी, इतका वेळ मी काय सांगत होते?"

"ते औषधाचं झालं की. ही काय औषध हाय व्हय?"

मी खेकसले. हात जोडले. ती आपली हसली आणि लेकाला घेऊन गेली. मला जेवण गेलं नाही. पैलवान! माझ्या इवल्या पायांना जोरात हाण म्हणणारी माणसं, त्याला काय हळू म्हणणार होती? सकाळी पहिली एसटी धरली. ती मेली प्रत्येक फाट्याला थांबत होती, आणि माझा जीव नुसता वरखाली.

पोचले तर तो ओट्यावर पालथा, पैलवान बाही सावरत उभा.

"थांबा!" मी ओरडले. वाद घालून म्हातारी ऐकणार नाही, हे कळून चुकलं होतं. "मीपण पायाळूच आहे. मी लावते पाय."

"मग आदी सांगायचं न्हाय का, बये!"

पैलवान बाजूला झाला. मी चप्पल काढली, पदर खोचला आणि टेम्पोवाल्याच्या पाठीवरून, नुसत्या सदऱ्याला लागेल असा, तीनदा पाय फिरवला. "झालं. आता दुसऱ्या कुणाचा पाय लागला तर गुण जाईल," दिलं ठोकून.

"कसं वाटतंय रं?" आईनं विचारलं.

तो दात आवळून कुशीवर वळला. कपाळ घामानं डबडबलं होतं. "उतरली बघ, आये. मोकळं वाटतंय."

तिनं कडाकडा बोटं मोडून त्याची दृष्ट काढली, डोळे पुसले आणि माझ्यासाठी चहा ठेवायला आत पळाली. पैलवानही गेला.

"बाई, तुमचा पाय लागलाच न्हाय," टेम्पोवाला हळूच म्हणाला.

"नाही लावला."

"ब्येस केलंत. पर आता दुखलं तर आयेला सांगू कसं?"

आतनं म्हातारी विचारत होती, साखर जादा घालू का म्हणून.