एक्स-रेवाल्या काकांचं व्हिएतनामी सूप

कुवेतमध्ये जितक्या देशांची माणसं पोट भरायला येतात, त्या सगळ्यांना आपल्या हुकमाने श्वास रोखून उभं राहायला लावणारा पृथ्वीतलावर एकच माणूस होऊन गेला, आणि तो गुहागरकडचा होता. आमचे एक्स-रेवाले काका. मी हवल्लीतल्या एका खासगी दवाखान्यात रक्त-लघवी तपासायला लागलो, तेव्हा काका तिथे चांगली पंधरा वर्षं मुरलेले होते. माझं टेबल आणि त्यांची खोली यांच्यामध्ये एक पातळशी भिंत होती. तिच्यातून सकाळी आठपासून मला 'श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा' हे अरबीत, बंगालीत, नेपाळीत, तमिळमध्ये, सिंहलीत, पुश्तूत, नाही नाही त्या भाषेत ऐकू यायचं. एकंदर सतरा भाषा होत्या. दवाखान्यातली इतर मंडळी परदेशी पेशंटला खाणाखुणा करून भागवायची. काकांना ते पटत नसे. "अरे, छातीचा फोटो काढताना माणसाचं तोंड प्लेटकडे आणि पाठ आपल्याकडे," ते म्हणायचे. "त्याच्या पाठीला काय डोळे आहेत? त्याच्यापर्यंत पोचतो तो फक्त आवाज. मग तो निदान त्याच्या घरचा वाटावा."

आता सतरा भाषा म्हटल्यावर तुम्हाला कोणी मोठा पंडित डोळ्यांसमोर येईल, तर तसं काही नव्हतं. प्रत्येक भाषेतली त्यांना नेमकी सहा वाक्यं येत. श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा. हलू नका. कुशीवर वळा. झालं, कपडे घाला. पण या सहा वाक्यांवर त्यांनी कुवेतमधला सगळा संसार रेटला. हवल्लीतल्या बंगाली मासेवाल्याने सुरमईचा भाव सांगितला, की काका त्याला बंगालीत 'धरून ठेवा' म्हणत, बाजारात एक फेरी मारून येत आणि मग 'सोडा' म्हणत. तो बापडा खरंच सोडायचा. वस्तरा चालू असताना तुर्की न्हाव्यालाच ते 'हलू नका' असं बजावत. एकदा एका श्रीलंकन शेजाऱ्याकडे आम्ही सगळे जेवायला गेलो होतो. निघताना काकांनी दारात उभं राहून, हात जोडून, त्या अख्ख्या कुटुंबाला सिंहलीत 'झालं, कपडे घाला' असा निरोप दिला. यजमान हसून लोळायचे बाकी राहिले. काकू जिन्यात म्हणाल्या, "अहो, निदान लोकांच्या घरी तरी नको हो!" काका शांतपणे म्हणाले, "मग काय 'कुशीवर वळा' म्हणू?"

आणखी एक खोड होती. किरणं अडवणाऱ्या शिशाच्या पडद्याआडून बोलायची इतकी सवय जडलेली, की परकी भाषा त्यांना समोरासमोर बोलताच येत नसे. चार पावलं मागे सरून कशाच्या तरी आडोशाला जावं लागे. खांब, कपाट, उभी मोटार, काहीही चाले. मग तिथून तो खणखणीत आवाज यायचा आणि समोरचा माणूस दचकून इकडेतिकडे बघायचा. नव्या वाक्यांचा रियाज चाले डार्करूममध्ये, लाल दिव्याखाली, फिल्म धुता धुता. एक्स-रेच्या तपकिरी पाकिटांवर देवनागरीत लिहून ठेवलेली ती वाक्यं ते अशा तालासुरात घोकत, की नव्या नर्सला आत सत्यनारायण चाललाय असं वाटावं.

आणि या सगळ्यावर त्यांचा एक नियम होता. कुणाकडे त्याची भाषा मागायची, तर आधी त्याच्याकडचं काहीतरी त्याच्याच भाषेत मागून घ्यायचं, ते खायचं-प्यायचं, आणि मगच शब्द विचारायचे. फुकट शब्द घ्यायचा नाही. इथिओपियन वाक्यांसाठी ते तिकडची काळीकुट्ट कॉफी तीन कप प्यायले आणि दोन दिवस डोळे टक्क उघडे ठेवून काम केलं.

या माणसाला घाम फुटलेला मी एकदाच पाहिला. दोन हजार सालानंतरची गोष्ट. शुवैखच्या एका वर्कशॉपमध्ये नव्याने आलेला एक व्हिएतनामी वेल्डर आमच्याकडे तपासणीला आला. चाळिशीचा, काटक, गप्प गप्प माणूस. छातीचा फोटो स्वच्छ आला तरच पुढे राहण्याचा परवाना. काकांनी त्याला अरबीत सांगून पाहिलं, इंग्रजीत सांगून पाहिलं. शेवटी स्वतः गाल फुगवून दाखवले, तर तो ते बघायला मागे वळला. दोनदा फोटो काढला, दोन्हीदा हलला. छातीच्या जागी नुसतं धुकं. कंपनीची कागदपत्रं करणारा मंदूब घड्याळ बघत म्हणाला, "पुढच्या सोमवारी शेवटचं. तेव्हाही साफ नाही आलं, तर डॉक्टर शंका लिहिणार आणि याचं परतीचं तिकीट निघणार." वेल्डरला शब्द कळले नसावेत, पण अर्थ कळला. तो शर्टाची बटणं लावत होता आणि त्याला ती लागत नव्हती.

काका त्या दिवशी डबा न खाता बसले. "पंधरा-सोळा वर्षांत माझी फिल्म दोनदा हलली नव्हती रे," ते म्हणाले. "त्याची छाती ठणठणीत आहे. माझ्याकडे भाषा नाही म्हणून त्याला घरी पाठवणार?" मग एकदम उठले आणि म्हणाले, "गाडी काढ शुक्रवारी. फिंतासला एक व्हिएतनामी बाई सूप विकते म्हणतात."

आता नियम आडवा आला. शब्द मागण्याआधी सूप मागायचं, आणि तेही व्हिएतनामीत. काकांनी इंटरनेट कॅफेत बसून ते वाक्य मिळवलं, पाकिटावर लिहिलं आणि गुरुवारभर डार्करूममधून 'चो तोय मोत तो फो गा' असा गजर चालू राहिला. म्हणजे, मला एक वाडगा कोंबडीचं शेवयांचं सूप द्या. बाकीची सुपं गाईच्या हाडांची असतात असं कळल्यामुळे त्यातल्या 'गा'वर, म्हणजे कोंबडीवर, काका फार जोर देत होते.

शुक्रवारी भर दुपारी आम्ही फिंतासला पोचलो. चार टेबलांची जागा, समोर समुद्र, आत वाफ आणि आल्याचा वास. मालकीणबाई चिमणीएवढ्या, पण नजर हेडमास्तरीणबाईंची. काकांनी पाकीट काढलं, घसा खाकरला आणि सवयीप्रमाणे चार पावलं मागे सरून थेट कोल्ड्रिंकच्या फ्रिजमागे गेले. तिथून त्यांच्या त्या खणखणीत आवाजात ऑर्डर आली. बाईंनी आधी फ्रिजकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी छताकडे बघत राहिलो. पण सूप आलं! कोंबडीचंच आलं! काकांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

पुढे खरी पंचाईत. श्वासाचे शब्द हवेत हे सांगायचं कसं? बाईंना इंग्रजी जेमतेम बिलापुरतं. काकांनी फ्रिजच्या दाराला छाती टेकवली, हात कमरेवर, खांदे पुढे, हनुवटी वर, आणि भस्सकन श्वास ओढून धरला. डोळे बाहेर आलेले, चेहरा लालबुंद. बाई किंचाळल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. काकांना बळेच खुर्चीत बसवून त्यांनी वारा घातला. मग मी पेशंट झालो. मी फ्रिजला छाती लावून उभा राहिलो, काकांनी पाकिटातून एक जुनी फिल्म काढून उजेडात धरली, बोटाने फासळ्या दाखवल्या आणि लांबून 'श्वास घ्या' असं हातानं दाखवलं. बाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. त्यांनी काकांच्या समोरच्या वाडग्याकडे बोट केलं. आधी खा. काका निमूटपणे खाऊ लागले आणि बाई तळव्याने स्वर वर-खाली करून दाखवत शिकवू लागल्या. हित वाओ, श्वास घ्या. निन थो, धरून ठेवा. थो रा, सोडा. मनासारखं आल्याशिवाय सुटका नव्हती. तीन वाजता आम्ही उठलो तेव्हा त्या दुकानातली सगळी गिऱ्हाइकं श्वास धरत आणि सोडत होती. दारातून निघताना काका 'झालं, कपडे घाला' कसं म्हणायचं ते विचारायला वळले. मी त्यांना ओढत गाडीत नेलं.

सोमवारी वेल्डर आला. मी रक्ताच्या नळ्या सोडून दारात उभा राहिलो. तो प्लेटला छाती लावून उभा, खांदे ताठ. पडद्याआडून काकांचा आवाज आला, "हित वाओ." आणि तो माणूस गर्रकन मागे वळला. तोंड उघडं, डोळे भरलेले, आपल्याकडचं कोण आलंय ते शोधत होता. गेला फोटो, असं मला वाटलं. पण काकांनी बटण दाबलंच नव्हतं. ते बाहेर आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला हळूच पुन्हा प्लेटकडे वळवलं आणि आत गेले. "हित वाओ. निन थो." खट्. "थो रा." फिल्म काचेसारखी स्वच्छ आली. नंतर मला म्हणाले, "परमुलखात आपली भाषा कानावर पडली की माणूस वळून बघतोच. पहिली हाक त्या वळण्यासाठी असते. बटण दुसऱ्या हाकेला दाबायचं."

काही वर्षांनी फिल्म गेल्या, कॉम्प्युटर आले, लाल दिवा विझला, आणि काकांचीही गुहागरला परतायची वेळ आली. निघण्याआधी खोकला झाला म्हणून डॉक्टरांनी त्यांना छातीचा फोटो काढायला सांगितलं. मशीनवर त्यांनीच तयार केलेली फिलिपिनो टेक्निशियन बाई होती. फोटोचा दिवस ठरल्याबरोबर, आठ दिवस आधी, ती माझ्या टेबलाशी येऊन, मला खुर्चीतून उठवून, औषधांच्या कपाटामागे उभी राहून मराठीत म्हणाली होती, "एक चहा द्या." मी मुकाट्याने चहा दिला. तो संपवल्यावर तिने वही काढली.

काका शर्ट काढून प्लेटला लागून उभे राहिले. पाठ किती वाळली होती ते मला तेव्हाच पहिल्यांदा दिसलं. सतरा नव्हे, अठरा भाषांत आयुष्यभर लोकांच्या पाठींशी बोललेला माणूस, त्याच्या पाठीशी मात्र मराठीत कधी कोणी बोललं नव्हतं. पडद्याआडून आवाज आला, जरा अडखळत, पण स्वच्छ, "श्वास घ्या, काका."

काका वळले.

तिने बटण दाबलं नाही. ती थांबली. काकांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, मग हाताच्या पाठीने डोळे पुसून स्वतःच प्लेटकडे तोंड केलं. दुसरी हाक आली, खट् झालं. "सोडा. झालं, कपडे घाला," ती म्हणाली. काका शर्ट हातात धरून बराच वेळ तसेच उभे राहिले, आणि मीही त्यांना घाई केली नाही.