दोन जादा प्लेट

परीक्षा संपल्यावरच्या पहिल्या रविवारी सकाळी, हुबळीतल्या कमरीपेठेजवळच्या एका छोट्या जिममध्ये, मी माझ्या मुलीच्या बारला दोन जादा प्लेट लावल्या. दोन्ही बाजूंना दहा-दहा किलोची एकेक.

चार महिने झाले. आज लिहितोय, कारण ओळखीचे दोघे-तिघे विचारतात की मुलांना वेटलिफ्टिंगला घालू का, आणि मी काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन विषय बदलतो.

सायली पंधरा वर्षांची. आमचं जुन्या हुबळीत भांड्यांचं दुकान, घरात खेळाचं कुणाला काही नाही. शाळेतल्या दोन मैत्रिणी जायच्या म्हणून हीसुद्धा जायला लागली. शिकवणाऱ्या सुमंगला अक्का स्वतः पूर्वी स्पर्धेत उतरलेल्या. त्यांनी पहिला महिना मुलींना नुसती काठी धरायला लावली, मग रिकामा बार. पाठ सरळ ठेवून आठ वेळा उचललं, तरच पुढच्या आठवड्यात अडीच किलो वाढणार. नाही जमलं तर तेवढंच. पहिल्या वर्षी मुलगी किती उचलते हे विचारूच नका, असं त्यांनी आम्हा पालकांना बजावलं होतं.

मी मात्र रोज विचारायचो. तीन महिन्यांनी सायली तीस किलोवर आली होती. मला ते फार कमी वाटायचं. मोबाईलवर तिच्याच वयाच्या मुली साठ-सत्तर उचलताना दिसायच्या... आणि कोल्हापूरच्या माझ्या मेहुण्याच्या मुलीला मेडल मिळालं होतं. फॅमिली ग्रुपवर तिचा फोटो आला, तेव्हा मी लिहून मोकळा झालो, "आमची सायली पन्नास उचलते."

मेहुण्याने लगेच विचारलं, "व्हिडिओ टाका की."

त्या रविवारी अक्का एका लग्नासाठी धारवाडला गेल्या होत्या. "मी नसताना बारला हात लावायचा नाही," असं त्यांनी मुलींना सांगितलं होतं. मी सायलीला गाडीवर बसवून घेऊन गेलो. जिम उघडी होती, कोणी अडवलं नाही.

"अप्पा, अक्कांनी तीसच सांगितलंय," ती म्हणाली.

"एकदाच उचल. व्हिडिओपुरतं."

तिने उचललं. खाली ठेवल्यावर थोडा वेळ गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही. मी जिममधूनच व्हिडिओ ग्रुपवर टाकला. अंगठे आले, टाळ्या आल्या... मी खूश होतो.

तिसऱ्या दिवशी तिला अंथरुणातून उठता येईना.

डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितले. कमरेच्या मणक्याला बारीक चीर गेली होती. तीन महिने पट्टा, खेळ बंद, उड्या बंद. सुनंदा, माझी बायको, रडायलाच लागली. मुलीच्या जातीला कशाला हवीत ही वजनं, म्हणाली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "वजन उचलण्यात काही वाईट नाही. घाई वाईट. हाडं अजून वाढतायत तिची."

मग त्यांनी सायलीला कन्नडमध्ये विचारलं, "यार हेळिद्रव्वा निनग?" कोणी सांगितलं तुला एवढं उचलायला?

मी तिच्या शेजारीच बसलो होतो. सायलीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाने," म्हणाली. मीच.

आणि मी गप्प बसलो... डॉक्टरांपुढे, बायकोपुढे, पंधरा वर्षांच्या मुलीपुढे.

घरी आल्यावर सुनंदाने अक्कांना फोन लावला. तुमच्या भरवशावर मुलगी सोडली होती, असं बरंच काही बोलली. अक्कांनी फक्त विचारलं, सायलीला झोप लागते का? स्पीकर चालू होता. मी शेजारीच उभा राहून ऐकत होतो.

दोन दिवसांनी मात्र राहवेना. आधी सुनंदाला सांगितलं. ती उठून आत गेली. मग जिममध्ये गेलो आणि अक्कांच्या हातात मोबाईल दिला. व्हिडिओत मी दिसत नाही, पण माझा आवाज आहे... "उचल, उचल, अजून थोडं."

अक्कांनी दोनदा पाहिला. एका ठिकाणी थांबवून मला दाखवलं.

"अण्णा, हे बघा. इथे पाठ वाकली. इथे मुलगी खाली ठेवणार होती. तिला कळलं होतं. मग तुम्ही बोललात, म्हणून परत ओढलं तिने."

मी तोपर्यंत तो व्हिडिओ वीस वेळा पाहिला असेल. मला ते दिसलं नव्हतं.

संध्याकाळी सायलीला म्हटलं, मी सगळं सांगून टाकलंय. ती पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "कशाला सांगितलंत? अक्कांच्या नजरेत तुम्ही कमी झालात ना." माफी मागायची होती, शब्द तयार होते. ते तसेच घेऊन दुकानात परत आलो.

आता पट्टा निघालाय. चालायची आणि साध्या व्यायामाची परवानगी आहे, बारचं पुढे बघू म्हणतात डॉक्टर. तिच्या मैत्रिणी एव्हाना चाळीसवर पोचल्या. अडीच-अडीच किलोने, अक्कांच्या गतीने. सायलीही पोचली असती... ती आता मैत्रिणींबद्दल घरात काही बोलत नाही, आणि विचारायचं मला धाडस होत नाही.

अक्कांनी बॅचमधलं तिचं नाव कापलेलं नाही. आली तर काठीपासून सुरू करू, म्हणाल्या. त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे.

सकाळी शाळेला निघताना सायली चपलेचा पट्टा लावायला वाकते. एक हात भिंतीला टेकवून, हळूहळू. ती सरळ उभी राहीपर्यंत मी श्वास धरून उभा असतो.